गुळाचे रवे उचलताना कंबर कशी सांभाळायची?

अडत_शाहूपुरी
मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. सीझनला ३० किलोचे रवे (ढेपा) दिवसभर टेम्पोतून उतरवायचे, थप्पी मारायची, परत भरायचे. हमालांच्या कमरेत उसण भरते, दोघांची कळ पायात उतरते. सगळ्यांना कमरेचे पट्टे आणून द्यावेत का?

फिजिओ_राजारामपुरी
पट्ट्यांवर पैसे घालू नका. दुखत नसलेली कंबर पट्ट्यानं वाचते याला पुरावा नाही, हे अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेनं १९९४ सालीच सांगितलंय.

खरं कारण अंतरात आहे. त्याच संस्थेच्या सूत्रात एका माणसाला जास्तीत जास्त २३ किलो, तेही ओझं घोट्यांपासून २५ सेंमीवर, हात जमिनीपासून ७५ सेंमी उंच आणि अंगाला पीळ नसताना. ओझं ५० सेंमी लांब गेलं की मर्यादा साडेअकरावर येते. तेच जमिनीवरून उचललं तर जेमतेम ९ किलो. आणि तुमचा रवा ३० चा! एकट्यानं दिवसभर उचलायचं हे वजनच नव्हे. दोघांनी धरा, नाहीतर ढकलगाडी घ्या. थप्पीचा खालचा थर जमिनीवर लावू नका, गुडघ्याच्या वर येईल असा फळ्यांचा ओटा करा. ओटा टेम्पोच्या हौद्याएवढा उंच असेल तर रवा उचलायचाच नाही, सरकवायचा.

तालमीतला
वरच्या मताशी सहमत. उचलायची वेळ आलीच तर रवा आधी कडेपर्यंत ओढून पोटाला लावा. पाय फाकवून एक पाऊल पुढं, बूड मागं, गुडघ्यातून उठा. वळताना पावलं फिरवा, कंबर नाही. वाकलेल्या पाठीला पीळ बसला की मणक्यांमधल्या चकतीची मागची कड फाटते, आतला गर मागं सरकून नस दाबतो. पायातली कळ बहुतेक वेळा तिथलीच.

रात्री आडवं पडल्यावर चकत्या पाणी ओढून फुगतात, त्यामुळं उठल्यावर पहिला तासभर वाकून ओझं नको. पहाटेचा माल असेल तर आधी हिंडा-फिरा, हलकी कामं उरका. पोटासाठी झोपून उठायच्या सिट-अप नकोत. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करा, १० सेकंद धरा, मग बाजू बदला. याच्या पाच-सहा आवृत्त्या पुरतात.

अडत_शाहूपुरी
आणि त्या दोघांचं काय? एकजण पाठ तुडवून घेतोय.

फिजिओ_राजारामपुरी
तुडवणं आजच बंद करा. दोघांना टाचांवर, मग चवड्यांवर दहा पावलं चालायला लावा. पाय लटपटला, पंजा उचलेना, तर नस दबून ताकद जातीय, लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ताकद शाबूत असेल तर फार तर दोन दिवस आराम, मग थोडं थोडं चालणं. आठवडाभर पडून राहिलं की पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात.

लघवी अडकली, किंवा बसायची जागा आणि जांघा बधिर झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.