ऑटो गिअरचा ट्रक: सुख ड्रायव्हरचं की मालकाचं?

घाटउतार (धागाकर्ता)

माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षं ट्रक चालवला. जास्त करून दहाचाकी, जालन्याहून सळई भरायची आणि पुणे-मुंबई गाठायची. डावा गुडघा क्लचनं खाल्ला असं ते म्हणतात, डॉक्टरही फार वेगळं सांगत नाहीत. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या नव्या गाडीत त्यांना न्हावा-शेव्यापर्यंत नेलं. एसी केबिन, ऑटो गिअर, खाली दोनच पेडल. बोरघाट उतरताना मी बघत होतो, शेजारच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्याचा डावा पाय प्रत्येक वळणाला पत्रा दाबत होता.

पनवेलला चहा घेताना म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण तुझ्या भावाला तिनं एकदाही काही विचारलं नाही."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ते उत्तमच. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसणं काय असतं ते मी लहानपणी सुट्टीत भोगलंय. ऑटो गिअरनंही हातपाय सुटले. पण त्याच गाडीत जीपीएस आहे, डिझेलच्या टाकीत सेन्सर आहे, तोंडासमोर कॅमेरा आहे. भाऊ ढाब्यावर अर्धा तास थांबला तर ऑफिसातून फोन येतो. कचकन ब्रेक मारला की नोंद, गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं की नोंद. गाडीचं सगळं मोजतात. ड्रायव्हर किती तास जागा आहे हे कोण मोजतं? मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला; त्यात दिवसाला आठ तास लिहिले होते. हे वाचून भाऊ हसला.

माझं म्हणणं एवढंच, की कष्ट कमी झाले ते ड्रायव्हरचे आणि अधिकार गेले तेही त्याचेच. पटत नसेल तर सांगा.

सात_गाड्या

नाही पटत. मी मालक आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो.

एक तर ड्रायव्हर मिळत नाही. माझ्या सातपैकी एक-दोन गाड्या कायम ड्रायव्हरविना उभ्या असतात. पोरं शहरात डिलिव्हरी करतात, रात्री घरी झोपतात. त्यांना ट्रककडे आणायचं तर एसी आणि ऑटो गिअर हवाच. दुसरं, खर्चात सगळ्यात मोठा आकडा डिझेलचा. जुना वस्ताद आणि नवखा पोरगा यांच्या एव्हरेजमध्ये जो फरक पडायचा, तो ऑटो गिअरनं बराच भरून काढला. आणि डिझेल काढून विकण्याबद्दल इथं कोणी बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो. सेन्सर हौस म्हणून बसवलेला नाही.

राहिला अधिकार. नवले पुलाजवळचे अपघात आठवा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की लांबलचक उतार, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल. मग ब्रेक तापतात, लागत नाहीत आणि पुढच्या गाड्यांची रांग चिरडली जाते. हाच का तो अधिकार? तो काढून घेतला तर मला वाईट वाटणार नाही.

बारा_टायर

सात गाड्यावाले शेठ, मी चालवतो. न्यूट्रल का मारतात ते अर्धंच सांगितलंत, उरलेलं मी सांगतो. ठरलेल्या एव्हरेजपेक्षा जास्त डिझेल लागलं की भत्त्यातून कापतात. पुण्यात उतरणारी गाडी वर चढताना जेवढं पिते तेवढं उतारावर वाचवायचं असतं. आम्हाला काय उतारावर मरायची हौस आहे का?

ऑटो गिअरबद्दल माझी तक्रार नाही. ट्राफिकमध्ये तर देवच पावला म्हणायचं. पण घाट उतरताना मॅन्युअलला टाकून खालचा गिअर धरून ठेवावा लागतो, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावावा लागतो. नव्या पोराला वाटतं गाडी आपली आपण बघेल. ऑटोतच सोडतो, वेग वाढला की ती वरचा गिअर टाकते आणि मग हा नुसता ब्रेकवर नाचतो. गाडी देताना शोरूमवाल्यानं मला दहा मिनिटं शिकवलं. त्यातली पाच गाण्यांच्या सिस्टिमवर गेली.

आणखी एक, ज्याचा कोणी विचार केला नाही. एसीत काचा बंद असतात. ब्रेकचा लायनर तापल्याचा वास आधी नाकाला यायचा, आता येत नाही. मागचा जोडटायर बसला तरी पहिल्यासारखा आवाज कळत नाही. मी खंबाटकी उतरताना काच चार बोटं खाली घेतो. एसी वाया जातो, जाऊ दे.

पान्हा_तेरा

गॅरेजवाला. बारा टायरभाऊंच्या वासाच्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर.

क्लच प्लेटा ऑटो गिअरला जास्त टिकतात, हे डोळ्यांनी बघतोय. पण २०२० च्या बीएस-६ या धुराच्या नियमांपासून गाडी रस्त्यात बंद पडली की आमच्या हातात फार काही राहत नाही. धूर स्वच्छ करायला टाकीत भरतात तो युरिया संपला किंवा त्याचा सेन्सर बिघडला की इंजिन दम टाकतं, लोड घेऊन चढण चढत नाही. पूर्वी क्लीनर आणि ड्रायव्हर मिळून तारेनं, रबरानं गाडी घरी आणायचे. आता लॅपटॉपवाल्याची वाट बघायची. आणि क्लीनर तरी कुठे राहिला? तो गेला म्हणजे ड्रायव्हर शिकण्याची शाळाच गेली.

ब्रॅम्प्टनकर

मूळ संगमनेरचा, कॅनडात ओंटारियोला ट्रक चालवतो. धागाकर्त्यांनी विचारलंय तास कोण मोजतं. इकडे यंत्रच मोजतं. गाडीच्या इंजिनाला जोडलेलं नोंदणी उपकरण सक्तीचं आहे, अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरपासून, कॅनडात २०२३ पासून त्याची काटेकोर अंमलबजावणी. कॅनडात दिवसाला १३ तास चालवता येतं. सीमा ओलांडली की ११, आणि त्याआधी सलग १० तास विश्रांती झालेली हवी. तास संपले की ऑफिसातून गाड्या पाठवणाऱ्या डिस्पॅचरनं कितीही कानीकपाळी ओरडू दे, मी उपकरणाकडे बोट दाखवतो. कागदी वही होती तेव्हा तीत काहीही लिहिता यायचं, आणि तसं लिहायला लावायचे.

सगळं गोड नाही. एकदा ड्युटी सुरू झाली की घड्याळ चालूच राहतं, मध्ये तासभर डुलकी काढली म्हणून थांबत नाही. मग माणूस झोप मारून पळवतो, आणि शेवटी पार्किंग मिळत नाही. तरी कोणतं यंत्र बसवलं याइतकंच ते कोणाच्या बाजूनं मोजतं हेही बघायला हवं.

उगाच_एक

ड्रायव्हरच काढून टाका, वाद मिटला. टेक्सासात डॅलस-ह्यूस्टन २०२५ मध्ये बिनड्रायव्हरचे ट्रक धावले की.

ब्रॅम्प्टनकर

धावले, आणि काही दिवसांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या आग्रहावरून पुढच्या सीटवर माणूस बसवावा लागला. गाडी चालवायला नाही, नुसता बसायला.

बारा_टायर

गडकरी साहेबांनी २०२३ मध्येच सांगितलंय, बिनड्रायव्हरच्या गाड्या येऊ देणार नाही, लोकांचे रोजगार जातात म्हणून. मला काही त्याची भीती नाही. रात्री बिनदिव्याची उसाची डबल ट्रॉली पुढे आली की त्या टेक्सासच्या गाडीनं काय करायचं ते ठरवावं, मग बोलू.

घाटउतार

ब्रॅम्प्टनकर, मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

सात गाड्यावाले दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून तुम्हालाच विचारतो, राग मानू नका. ड्रायव्हर जांभई देतोय, डोळे मिटतोय अशी सूचना तुमच्या ऑफिसात येत असणार. ती बघून "गाडी बाजूला लाव, दोन तास झोप" असा फोन आजवर कितीदा केला?

सात_गाड्या

लपवत नाही. झोप म्हणून एकदाही नाही. सूचना आली की पोरगा फोन करतो, "डोळे धुऊन घे, चहा पी." कंटेनर बंदरात वेळेत पोचला नाही तर जहाज चुकतं आणि पार्टी माझं भाडं अडकवते. कॅमेरे घेताना डोक्यात अपघात आणि विमा होता, तास नव्हते. तुमचा भत्ता कापण्याचा मुद्दाही लागला, बारा टायर. घाटाच्या रूटला एव्हरेजचा आकडा वेगळा धरायला हवा, ते या महिन्यापासून करून बघतो. झोपेचं मात्र मी एकटा काही करू शकत नाही. मी थांबवली तर शेजारचा ट्रान्सपोर्टर लोड उचलेल.

बारा_टायर

शेठ, घाटाचा आकडा किती धरणार तेवढं लिहा. आमच्या मालकाला दाखवतो.