दरडीखालच्या वस्त्या: संमतीची वाट पाहायची का?

धागाकर्ता: १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण ढिगाऱ्याखालीच राहिले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दीडशेच्या आसपास माणसांसह गाडले गेले होते, तर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये. तिन्ही ठिकाणी पुनर्वसनाला हात घातला गेला तो माणसे गेल्यावर. धोक्याच्या उताराखालील वस्त्या आधीच हलवाव्यात आणि त्यासाठी संमतीवर अडून राहू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: तीव्र असहमती. कोणती वस्ती हलवायची हे ठरवणार कसे? इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. शिवाय घर हलवता येते, खाचर हलवता येत नाही. जमीन, गुरे आणि रान वरच राहिले, तर तिथले ठाकर आदिवासी कुटुंब पेरणीच्या दिवसांत, म्हणजे नेमके धोक्याच्या दिवसांत, पुन्हा तिथेच मुक्कामाला जाणार. माळीणचे नवे गावठाण २०१७ मध्ये ताब्यात दिले आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, हेही विसरू नये.

प्रतिसाद २: उताराकडे लक्ष ठेवणे अधिक व्यवहार्य आहे. माथ्याजवळ पडलेली लांब भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा ही लक्षणे गावकऱ्यांना ओळखता येतात. पर्जन्यमापक मात्र बहुधा खाली सपाटीवर असतो, त्यामुळे डोंगरावर खरोखर किती पाऊस झाला हे कळतच नाही. वाडीतच मापक बसवावा आणि ठरलेली पातळी ओलांडताच लोकांना शाळेत हलवावे.

धागाकर्ता: रात्री, मुसळधार पावसात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन कोण उतरणार? इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकालाही चिखलातून पायी चढावे लागले. ३० जुलै २०२४ रोजी केरळच्या वायनाडमधील मुंडक्कई आणि चुरलमला येथेही लोक झोपेत असतानाच डोंगर खाली आला.

प्रतिसाद १: वायनाडचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. चुरलमला दरडीच्या उगमापासून कित्येक किलोमीटर खाली होते. केवळ पायथ्याच्या वस्त्या हलवून ते वाचले नसते. माझी मागणी साधी आहे: जागा लोकांना दाखवून निवडावी, ती कसण्याच्या जमिनीपासून चालत जाण्याइतकी जवळ असावी आणि जुन्या शेतावरचा हक्क लेखी कायम ठेवावा. एवढे केल्यावर किती वाड्या नकार देतात, ते आधी पाहावे.