धीर धरणे आणि दुखणे अंगावर काढणे

मुठाकाठ

परवा १३ फेब्रुवारी होती. दुपारी डबे उघडल्यावर मी कार्यालयात सहज म्हणाले, की कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीच्या स्फोटाला आज सोळा वर्षे झाली. टेबलाभोवती आम्ही सात जण होतो आणि सगळे पुण्यातच लहानाचे मोठे झालेले. तिघांना तो स्फोट अंधुक आठवत होता. एकीने विचारले, "त्यात कोणी गेले होते का?" सतरा माणसे गेली होती आणि साठच्या आसपास जखमी झाली होती. मी आकडे सांगितले, क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग बोलणे मेट्रोकडे वळले. त्या मुलीवर माझा राग नाही, पण ते गप्प होणे इतके थोडक्यात का आटोपले, हा प्रश्न दोन दिवस मनातून जात नाही.

२०१० मधली ती शनिवारची संध्याकाळ होती. माझा धाकटा भाऊ कोरेगाव पार्कमध्ये शिकवणीला गेला होता आणि सातनंतर फोन लागेनासे झाले. तो पावणेदहाला घरी आला, तोवर आई दारातल्या पायरीवर बसून होती आणि निवडायला घेतलेली मेथीची जुडी तिच्या मांडीवर तशीच होती. दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही नेहमीसारखे बाहेर पडलो, मंडईत गेलो, भाजी आणली. पुणेकर डगमगला नाही, असे जो तो म्हणत होता आणि मलाही त्याचा अभिमान वाटला होता. आज तो तसा वाटत नाही.

संकटात माणूस धीर धरतो आणि आजारपणात कधी कधी दुखणे अंगावर काढतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत माणूस उठून कामाला लागलेला असतो. पण धीर धरणारा औषधोपचार करून घेतो, आणि अंगावर काढणारा तापातच भाकऱ्या थापत राहतो व पुढच्या खेपेला आडवा होतो. आपल्या शहराने यातले काय केले? १ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर तासाभरात चार कमी शक्तीचे स्फोट झाले, तेव्हाही शहरभर कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिलेले नव्हते. जीवितहानी झाली नाही हे नशीब, त्यात आपले कर्तृत्व काही नाही. जर्मन बेकरीच्या खटल्यात दोषी ठरलेल्या एकमेव आरोपीला २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्फोटाच्या मुख्य आरोपांतून मुक्त करून केवळ स्फोटके बाळगणे आणि बनावट कागदपत्रे यांसाठीची शिक्षा कायम ठेवली. मग ती सतरा माणसे कोणी मारली, असे त्या दिवशी पुण्यात किती जणांनी मोठ्याने विचारले?

गेल्या महिन्यात एका बसस्थानकावर बाकाखाली एक निळी पिशवी होती. तिला चेन होती आणि शेजारी कोणीही नव्हते. मी घड्याळ लावून पाहिले, बावीस मिनिटे माणसे त्या बाकावर येऊन बसत होती आणि उठून जात होती. मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन सांगितले, तर आतल्या गृहस्थांनी मान वर न करता "येईल कोणीतरी घ्यायला" असे उत्तर दिले. पुढे एक आजोबा खरोखरच आले आणि पिशवी घेऊन गेले. तिच्यात नातवासाठी घेतलेली खेळणी होती. म्हणून मी काही आरडाओरडा केला नाही. पण जर्मन बेकरीतला बॉम्बही एका टेबलाखाली ठेवलेल्या पिशवीतच होता.

रविवारपेठ

ताई, आपल्या लिखाणातला सल मला कळतो, पण रविवारी भाजी आणायला गेलेल्या माणसाला आपण जे नाव ठेवत आहात ते मला मान्य नाही. माझे बिजागऱ्या-कुलपांचे दुकान आहे. १० जुलै २०१४ रोजी भर दुपारी फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळात मोटरसायकलला लावलेला बॉम्ब फुटला, तेव्हा माझ्या दुकानाचे शटर थरथरले आणि खिळ्यांची पुडी बांधणारा मुलगा हातातला दोरा टाकून गल्ल्याखाली बसला. पोलिसांनी रस्ता रिकामा केला. दगडूशेठच्या परिसरात फुले विकणाऱ्या एक मावशी आमच्या पायरीवर येऊन टेकल्या. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा होती आणि त्यांनी उसने पैसे घेऊन मार्केट यार्डातून माल भरलेला होता. तो ओल्या गोणपाटाखाली रस्त्यावरच राहिला होता. त्या मला एवढेच विचारत होत्या, "उद्या रस्ता उघडतील ना हो?"

त्या बाईंना आपण उदासीन म्हणणार का? फुले थांबत नाहीत, उसने देणाराही थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी त्या आल्या होत्या आणि त्यांना पाहून मी शटर वर केले. हातावर पोट असणाऱ्याला शोक करायला सुट्टी मिळत नाही. त्याचे कामावर जाणे हे शौर्य आहे असा दावा मी करणार नाही, पण ते बधिरपणाचे लक्षण आहे असे ठरवण्याचा अधिकार पगारी माणसाला कसा पोहोचतो? ज्यांनी बॉम्ब ठेवला त्यांना पेठा ओस पडलेल्या हव्या होत्या, त्या तशा पडल्या नाहीत, हे मी छोटे मानत नाही.

शिवाय, कॅमेरे न लावणे किंवा खटला नीट न चालवणे ही कामे ज्यांची आहेत त्यांचा दोष आपण गर्दीच्या माथी मारता, यात खरे उत्तरदायी निसटतात.

मुठाकाठ

मावशींची गोष्ट वाचून मी थांबले. त्यांना उद्देशून मी ते लिहिलेले नाही, पण वाचणाऱ्याला तसे वाटले असेल तर ती माझ्या लेखनातली चूक आहे. माझा रोख आपल्यासारख्या, म्हणजे मुख्यतः माझ्यासारख्या लोकांवर आहे, ज्यांची चूल एका दिवसाच्या खाड्याने विझत नाही.

उत्तरदायी निसटतात, हे मात्र आपण फार बरोबर बोललात, आणि ते निसटतात ते आपण विचारणे सोडल्यामुळे, असे मला वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ जणांचा जीव गेला. आठवडाभरात गेटवे ऑफ इंडियापाशी हजारो लोक जमले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांना पदे सोडावी लागली. त्या दिवसांत खरोखरच वाटले होते, की आता काही बदलेल. पाच महिन्यांनी लोकसभेसाठी मुंबईत मतदान झाले आणि निम्म्याहून अधिक मतदार केंद्रावर फिरकले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस पाटील पुन्हा गृहमंत्री झाले. त्यांच्या कामाबद्दल मतभेद असू शकतात, पण ज्या कारणासाठी राजीनामा मागितला गेला त्या कारणाचे पुढे काय झाले, हे विचारायला तीच गर्दी पुन्हा जमली नाही. मेणबत्त्या लावणे सोपे होते, रांगेत उभे राहणे तेवढे सोपे वाटले नाही.

कोंढवा

मला इथे वेगळेच म्हणायचे आहे आणि ते लिहावे की नाही याचा विचार मी दोन दिवस करत होतो.

२०१० मध्ये मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि डेक्कनजवळ दोन मित्रांसोबत भाड्याने राहत होतो. स्फोटानंतर आठवड्याभरात घरमालक वर आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाळा, तुझ्याबद्दल काही नाही, पण सोसायटीत लोक बोलतात. महिनाअखेर दुसरीकडे बघ." ते वाईट गृहस्थ नव्हते. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांनीच मला चहा करून दिला होता. पण त्यांची जी जागरूकता जागी झाली, ती माझ्या नावापाशी येऊन थांबली. पुढची तीन वर्षे मी कुठेही पाठीवरची पिशवी खाली ठेवली नाही, बसमध्ये नाही आणि ग्रंथालयातही नाही.

म्हणून शहर लवकर शांत होते, याचे मला दुःख होत नाही, उलट हायसे वाटते. शहर जेव्हा विसरत नाही, तेव्हा ते नेमके काय आठवते, याचाही हिशेब करावा लागेल. आपण खटल्यांचा उल्लेख केला आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी गेले. त्या प्रकरणी २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, त्यामुळे अंतिम शब्द माझा नाही. पण लोक संतापलेले असले आणि तपासावर "कोणीतरी सापडलाच पाहिजे" असा दाब आला, की त्याचा भार कोणावर पडतो, हे आमच्या वस्तीत लहान मुलालाही समजते.

परिचारिका

मी सव्वीस वर्षे रुग्णालयात काम केले, निवृत्त होऊन थोडाच काळ झाला आहे. वरील तिन्ही बाजू मी लक्षपूर्वक वाचल्या आणि तिन्हींत मला जखमी माणूस फार थोडा दिसला, याचे वाईट वाटले.

स्फोटात सापडलेल्या माणसाची जखम नेहमी रक्ताची नसते. दाबाने कानाचा पडदा फाटतो आणि माणूस चालत घरी जातो, आठ दिवसांनी त्याला कळते की एका बाजूने ऐकूच येत नाही. काचेचे आणि धातूचे बारीक तुकडे शरीरात राहतात आणि कधी कधी वर्षांनंतर वर येतात. आमच्याकडे एक तरुण मुलगा होता. त्याच्या पायावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्या आठवड्यात त्याच्या खाटेभोवती उभे राहायला जागा नसे. पुढारी येत, छायाचित्रे निघत आणि कोणीतरी शहाळी ठेवून जात असे. चौथ्या शस्त्रक्रियेला त्याच्यासोबत फक्त त्याचे वडील होते. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकची एक फाईल होती आणि तिच्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याच त्या कागदांच्या झेरॉक्स प्रती होत्या. केंद्र सरकारची अशा पीडितांसाठी २००८ पासून मदतीची योजना आहे, पण ती कोणाकडे मागायची आणि कोणता दाखला आधी लागतो, हे त्या वडिलांना एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवून शिकवले.

दुकान उघडणाऱ्याला मी काही म्हणणार नाही, कारण त्याच दिवशी रक्त द्यायला आलेल्यांत दुकानदारही होते आणि हमालही होते. त्यांतल्या कित्येकांना परत पाठवावे लागले. पहिल्या रात्री पुण्याचे लोक कमी पडले असे मी कधीही म्हणणार नाही. लोक कमी पडतात ते तिसऱ्या महिन्यात.

पूरग्रस्त

माझे वय ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा आमचा शनिवार पेठेतला वाडा गेला. माणसांनी केलेला हल्ला आणि फुटलेले धरण यांची तुलना होत नाही हे मी जाणतो. तरी एक सांगावेसे वाटते. त्या वेळी लोक चिखल उपसून कामाला लागले, तसेच चौकशीची मागणीही करत राहिले. पहिल्या आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांचा मृत्यू झाला, तरी मागणी थांबली नाही आणि न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे काम गेले. गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आजही "पूर आधीचे की नंतरचे?" असे आम्ही सहज विचारतो. एक कारण मला असे दिसते, की नुकसान हजारो घरांचे झाले होते, त्यामुळे विचारणारेही हजारो होते. सतरा घरांचे दुःख सतरा घरांतच राहते.

मुठाकाठ

काकांचे शेवटचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे. परिचारिकाताई, तिसऱ्या महिन्याचे जे आपण लिहिले, तेच मला म्हणायचे होते आणि मला ते नीट मांडता आले नाही.

कोंढव्याहून लिहिणाऱ्या मित्राला मात्र उत्तर देणे अवघड आहे. बावीस मिनिटे मी त्या पिशवीकडे पाहत होते, तेव्हा आजूबाजूच्या माणसांच्या चेहऱ्यांकडेही पाहत होते. त्यातले कोणते चेहरे मी अधिक वेळ पाहिले असतील, हे आपला प्रतिसाद वाचल्यावर मला स्वतःला विचारावे लागले. वस्तूवर लक्ष ठेवणे आणि माणसावर संशय घेणे यांतली सीमा व्यक्तीच्या सद्भावनेवर सोडली तर ती टिकत नाही, म्हणून तिला नियमाचा आधार हवा. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सभागृहात २२ मे २०१७ रोजी बॉम्बस्फोटात २२ जण मारले गेले, त्यांत मार्टिन हेट नावाचा तरुण होता. त्याच्या आई फिगन मरे यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे कायदा झाला. दोनशे किंवा त्याहून अधिक लोक जमू शकतात अशा जागांच्या चालकांनी, असा प्रसंग आला तर लोकांना बाहेर कसे काढायचे, दारे कोणी बंद करायची, सूचना कोणी द्यायची, हे आधीच ठरवून कर्मचाऱ्यांना शिकवून ठेवायचे आहे. त्यात कोणाचे नाव विचारलेले नाही. एका आईने आठ वर्षे दुःख धरून ठेवले, त्याला मी धीर म्हणेन.

माझ्या हातात एवढे मोठे काही नाही. त्या बसस्थानकाबाबत मी काल माहितीच्या अधिकारात अर्ज दिला आहे. बेवारस वस्तू दिसल्यास कर्मचाऱ्याने काय करावे याची लेखी सूचना आहे का, असल्यास ती कोणत्या तारखेची आहे आणि गेल्या पाच वर्षांत तिचा सराव किती वेळा झाला, एवढे तीन प्रश्न त्यात आहेत. तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

रविवारपेठ

"अंगावर काढणे" हा शब्द मला अजूनही आमच्या पेठेसाठी मान्य नाही, हे नोंदवून ठेवतो. पण अर्जाची प्रत मला पाठवा, आमच्या भागातल्या वाहनतळासाठी मी तसाच अर्ज करतो. आमच्या मावशी आजही तिथेच बसतात. एकच दुचाकी दोन दिवस जागची हलली नाही, की त्या मला हाक मारून दाखवतात आणि मी ठाण्यात फोन करतो. त्या गाडीच्या मालकाचे नाव मात्र आम्हा दोघांपैकी कोणीही आजवर विचारलेले नाही.