डिकीतली स्टेपनी गाडीखाली नेता येईल का?

प्रश्न : हॅचबॅकमध्ये सीएनजीची टाकी बसवल्यापासून स्टेपनीने उरलेली डिकी व्यापली आहे आणि आई-वडिलांना घेऊन पंढरपूरला निघालो की साधी पिशवीही मावत नाही. स्टेपनी खाली टांगावी का?

उत्तर १ : कृपया टांगू नका. अर्टिगाची स्टेपनी खाली असते, पण तिथे जागा आणि उचलण्याची यंत्रणा मुळातच आखलेली आहे. तुमच्या गाडीखाली सायलेन्सर आहे. शिवाय १६५ मिमी रुंदीचा टायर खाली आला, तर भरलेली गाडी पहिल्याच गतिरोधकाला घासेल.

उत्तर २ : सहमत. माझ्या जुन्या गाडीची स्टेपनी खालीच होती. वरंध घाटात पंक्चर झाले तेव्हा चिखलाने गंजलेला बोल्ट तेल सोडूनही अर्धा तास हलला नाही.

उत्तर ३ : टाकीशेजारी स्टेपनी उभी ठेवणारा स्टँड मिळतो, तो पाहा, पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंग मात्र करू देऊ नका.