प्रति: लेपटीला तळाचा रंग कळतो कसा?

लेपटीसारखे चपटे मासे अंगाचा रंग समुद्राच्या तळासारखा करतात; त्यासाठी तळाचा रंग ते तळाला टेकलेल्या खालच्या बाजूच्या कातडीने ओळखतात, असं वर दोघांनी लिहिलंय. ते पटत नाही. हे काम डोळ्यांचं आहे. प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस समनर यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चपटे मासे ठिपक्यांच्या, चौकटींच्या नक्षीवर ठेवले, तेव्हा त्यांच्या अंगावरची नक्षीही तशी बारीक किंवा ठळक होत गेली. दृष्टी गेलेल्या माशांना मात्र ते जमलं नाही. अर्थात आपल्या मुंबईच्या गढूळ पाण्यात लेपटीला रंगापेक्षा गाळात रुतून बसण्याचाच आधार जास्त असणार, असं मला वाटतं.

एक गोष्ट अजून कुणीच लिहिली नाही. लेपटीचं पिल्लू चपटं जन्मत नाही. ते इतर माशांसारखं सरळ पोहतं, दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. मग एक डोळा हळूहळू पलीकडे सरकतो आणि त्यानंतर ते तळाला टेकतं. आपल्या बाजारातल्या लेपटीत दोन्ही डोळे डाव्या अंगाला येतात. ससून डॉकला किंवा कोळणीच्या टोपलीत पाहा: डोळ्यांची बाजू वर ठेवा, तोंडाचा बाक आपल्याकडे घ्या, डोकं डावीकडेच येईल. खालची बाजू पांढरी, कारण ती कुणाला दिसतच नाही. सोलून टाकायच्या आधी लेपटीचं कातडं एकदा उजेडात जरूर बघा, फार सुंदर असतं. आणि बोटभर लेपटीचे वाटे कृपया घेऊ नका, ती वाढायला हवी.