विंडोज १० वरून ११: ॲप्स ठेवण्याचा पर्याय करडा दिसतोय, नेमकी कोणती आयएसओ घ्यायची?

घाटमाथा:
लॅपटॉपवर विंडोज १० होम सिंगल लँग्वेज, २२एच२, ६४ बिट. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) चालू आहे, पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲपही हिरवा कंदील देतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ (सगळं इन्स्टॉलेशन असलेली एकच फाइल) उतरवली, भाषा 'इंग्लिश इंटरनॅशनल'. सेटअपमध्ये 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडताच येत नाही. टॅली आणि प्रिंटरचं सगळं पुन्हा बसवायचं नाही. सिंगल लँग्वेजची वेगळी आयएसओ असते का?

कळफलक:
वेगळी लागत नाही. साइटवरच्या 'मल्टी-एडिशन' आयएसओमध्ये होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन सगळं असतं. अडचण बहुतेक भाषेची आहे.

ॲप्स ठेवायची तर आयएसओची भाषा आणि विंडोज मुळात ज्या भाषेत बसवलं ती भाषा, दोन्ही तंतोतंत एकच हव्यात. अमेरिकन आणि इंटरनॅशनल इंग्लिश या सेटअपच्या लेखी दोन वेगळ्या भाषा. आपल्याकडे रीजन 'इंग्लिश (इंडिया)' असतो, म्हणून लोक इंटरनॅशनल घेतात. पण ती सेटिंग तारीख, रुपयाचं चिन्ह, कीबोर्ड एवढ्यापुरतीच.

खरी भाषा रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) बघा: एचकेईवाय लोकल मशीन > सिस्टम > करंट कंट्रोल सेट > कंट्रोल > एनएलएस > लँग्वेज. तिथे 'इन्स्टॉल लँग्वेज'समोर ०४०९ असेल तर 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)'ची आयएसओ घ्या, ०८०९ असेल तर इंटरनॅशनल. हा आकडा बदलून सेटअपला चकवायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. आयएसओ पुन्हा उतरवणं कितीतरी स्वस्त पडतं.

सुपारीबाग:
जोडून विचारतो. ऑफिसच्या प्रो मशीनवर मेन्यू मराठीत आहेत. मग मराठी आयएसओ शोधायची का?

कळफलक:
नाही, तशी आयएसओ नसते. मराठी हा वर चढवलेला लँग्वेज पॅक आहे, खाली इंग्रजीच आहे. वरचाच आकडा बघा.

दगडी वाडा:
भाषा जुळूनही पर्याय करडाच राहिला तर एडिशन तपासा. 'बिझनेस एडिशन्स' आयएसओमध्ये होम नसतंच. एंटरप्राइजची 'इव्हॅल्युएशन' आयएसओ तर ९० दिवसांच्या चाचणीसाठी असते, तिच्या वाटेला जाऊ नका. टेलिग्रामवरच्या 'लाइट' आयएसओमधून घटक उपटलेले असतात, त्यावर अपग्रेडचा भरवसा नाही. आत काय आहे ते बघायला आयएसओ माउंट करून (ड्राइव्हसारखी उघडून) 'सोर्सेस' फोल्डरमधल्या 'इन्स्टॉल डॉट विम' फाइलवर डिझम या विंडोजच्या कमांड लाइन साधनाची 'गेट-विमइन्फो' कमांड चालवा. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या आयएसओत तीच फाइल 'इन्स्टॉल डॉट ईएसडी' असते.

आधीच ११ असलेल्यांनी दुरुस्तीसाठी हेच करताना बिल्डही (विंडोजच्या आवृत्तीचा क्रमांक) बघावा. २४एच२ वर (बिल्ड २६१००) २३एच२ ची (२२६३१) आयएसओ चालवली तर ॲप्स ठेवता येत नाहीत. आयएसओ तेवढीच नवी किंवा त्याहून नवी हवी.

कळफलक:
पेनड्राइव्हची गरज नाही. त्यावरून बूट केलंत तर अपग्रेड होतच नाही, फक्त कोरं इन्स्टॉल. चालू विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक > माउंट, आणि तिथून सेटअप. त्याआधी बॅकअप घ्या आणि सी ड्राइव्हवर निदान २५ ते ३० जीबी मोकळे ठेवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि संरक्षण 'सस्पेंड' करा. नेट हळू असेल तर पहिल्याच पडद्यावर 'चेंज हाउ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स'मध्ये 'नॉट राइट नाउ' निवडा.

दगडी वाडा:
रीस्टार्टनंतर सेटअप जुन्या विंडोजवर मागे फिरून सी१९००१०१ असलेला एरर आला तर तो बहुधा ड्रायव्हरचा. तुमच्याकडे प्रिंटर आहे, तो आणि बाकीची यूएसबी उपकरणं काढून ठेवा, बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा. कोणता ड्रायव्हर अडला हे मायक्रोसॉफ्टचं 'सेटअप डायग' लॉग वाचून बऱ्याचदा सांगतं.

अपग्रेडनंतर मागे जायला १० दिवस मिळतात. डिझमच्या 'सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो' कमांडने ती मुदत ६० दिवसांपर्यंत वाढते, पण ते या १० दिवसांतच करावं लागतं. टॅलीचं एखादं महिनाअखेरचं काम नीट होईपर्यंत डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसू नका.