घरून फ्रीलान्स काम करताना शिस्त आणि व्यावसायिकपणा कसा टिकवावा?

अल्पविराम यांचा प्रश्न

नमस्कार. नऊ वर्षे नोकरी केल्यानंतर गेल्या आठ महिन्यांपासून मी घरून स्वतंत्रपणे अनुवादाचे काम करते आहे. यंत्रांच्या वापरपुस्तिका, माहितीपत्रके आणि अधूनमधून प्रशिक्षणाच्या व्हिडिओंची सबटायटल्स असे कामाचे स्वरूप आहे. काम मिळत नाही अशी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्याविषयीच.

सकाळी नऊला टेबलाशी बसते आणि रात्री नऊला उठते, पण या बारा तासांत प्रत्यक्ष अनुवाद जेमतेम चार-साडेचार तास होतो. दार वाजते, फोन येतो, 'तू घरीच आहेस ना' असे म्हणून कोणीतरी एखादे काम सोपवते, आणि ते उरकून परत यावे तर अर्धवट सोडलेला परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही पोमोडोरो पद्धतही महिनाभर करून पाहिली. नेमका योग्य शब्द सुचत असतानाच गजर व्हायचा, त्यामुळे शेवटी तो नाद सोडला.

खरा धक्का बसला तो गेल्या महिन्यात. एक वापरपुस्तिका मी ठरल्या तारखेपेक्षा दोन दिवस उशिरा, रात्री साडेअकराला, घाईघाईने पाठवली. समासात मी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपा फाइलमध्ये तशाच राहून गेल्या होत्या आणि त्यांपैकी एक होती, 'मूळ वाक्यच बिनडोक आहे, उद्या बघू.' क्लायंटने त्या टिपेखाली 'वाक्य खरोखरच सदोष होते, दुरुस्त केले आहे' एवढेच लिहिले आणि ई-मेलच्या शेवटी एक ओळ जोडली: 'उशिराबद्दल तक्रार नाही, मात्र आधी कळवले असते तर छपाईची वेळ बदलून घेता आली असती.' ते रागावले असते तर बरे वाटले असते.

जे अनेक वर्षे घरून काम करत आहेत, त्यांनी दिवसाची आखणी आणि क्लायंटशी वागण्याची रीत या दोन्ही गोष्टी कशा बसवल्या, हे कृपया सांगावे.

कोरा कागद

मी सतरा वर्षे घरून तांत्रिक लेखन करतो. आपले साडेचार तास वाचून मला चिंता वाटली नाही, बारा तास वाचून मात्र वाटली. नोकरीतले आठ तास म्हणजे सलग आठ तास काम नव्हे, हे नऊ वर्षांच्या अनुभवाने आपल्यालाही ठाऊक असेल. बैठका, गप्पा, वाट पाहणे हे सारे त्या आठ तासांत मोडत असे आणि त्याचाही पगार मिळत असे. घरी आल्यावर आपण फक्त खऱ्या कामाचे तास मोजू लागतो आणि उगाच अपराधी होतो.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली नोकरशाहीची टिंगल करताना मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: हाताशी जेवढा वेळ असेल तेवढा व्यापून टाकण्याइतके काम पसरत जाते. बारा तास मोकळे ठेवले की चार तासांचे काम बारा तासांत विरघळते. म्हणून माझी पहिली सूचना उलटी वाटेल, पण दिवस आखूड करा. संध्याकाळी सहाला टेबल सोडायचेच आहे हे पक्के ठाऊक असले, की दुपारी तीनला एखादा शब्द शोधता शोधता भलत्याच पानावर भरकटण्याची हिंमत होत नाही.

दुसरी सूचना म्हणजे दोन आठवडे नोंद ठेवा. ॲप वगैरे काही नको, कागद पुरे. काम सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि थांबण्याचे कारण. मी ही नोंद ठेवली तेव्हा दार वाजण्यापेक्षा ई-मेल उघडून पाहण्याने माझे अधिक नुकसान होत होते, असे आढळले.

याच नोंदीचा उपयोग दर ठरवताना होतो. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे २६० दिवस. सुट्ट्या आणि आजारपण यांचे ३० दिवस वजा केले तर २३० उरतात. रोज ज्यांचे बिल लावता येते असे ५ तास धरले, तर वर्षाला १,१५० तास होतात. सुट्ट्या न वगळता रोज आठ तासांच्या हिशेबाने हाच आकडा २,०८० येतो आणि नवखा माणूस नेमका तोच धरून दर ठरवतो. मग तूट भरून काढण्यासाठी रात्री जागणे आलेच. बिले करणे, कोटेशन पाठवणे, पैशांची आठवण करून देणे, नवे सॉफ्टवेअर शिकणे हेही कामच आहे. त्याचे वेगळे बिल होत नाही, म्हणून ते दरातच धरावे लागते.

तिरपी रेघ

कोरा कागद यांच्या नोंदीच्या सूचनेशी मी सहमत आहे, पण दिवस आखूड करण्याची चैन सगळ्यांना परवडते असे नाही. माझ्या घरी दोन लहान मुले आहेत आणि मी डिझाइनचे काम करते. माझा दिवस सलग नाहीच. सकाळी दोन तास, दुपारी दोन आणि मुले झोपल्यावर दीड, असे त्याचे तुकडे आहेत. अशा वेळी घड्याळापेक्षा व्यत्ययानंतर कामात पुन्हा किती लवकर शिरता येते, याला जास्त महत्त्व येते.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम्ब यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात त्यांनी एक अगदी साधा उपायही तपासला: उठण्यापूर्वी आपण कुठवर आलो आहोत आणि परतल्यावर पहिली गोष्ट काय करायची, हे पटकन लिहून ठेवावे. हा उपाय करणाऱ्यांचे लक्ष मधल्या कामात अधिक चांगले लागले. माझ्या कीबोर्डशेजारी यासाठी कागदाचे कपटे असतात. दार वाजले की 'तिसऱ्या पानाचा मथळा डावीकडे घेतला, आता तळटिपांचा आकार' एवढे खरडते आणि मगच उठते. दार उघडायला दहा सेकंद उशीर झाल्याने आजवर कोणी परत गेलेले नाही.

घरच्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'मी काम करते आहे, त्रास देऊ नका' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते दिवसभर लागू असते आणि दिवसभर लागू असलेली बंदी कोणीच पाळत नाही. 'मी साडेअकराला बाहेर येईन' हे वाक्य चालते. मात्र साडेअकरा म्हणजे साडेअकरा. पावणेबारा झाले की पुढच्या वेळेपासून दार ढकलले जाते, आणि त्यात चूक आपली असते.

पोमोडोरोबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वतःच्या अभ्यासासाठी ती पद्धत बसवली. टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ वापरले, म्हणून इटालियन भाषेतले टोमॅटोचे नाव तिला मिळाले. कंटाळवाण्या कामासाठी ती उत्तम आहे. मी बिले त्याच पद्धतीने करते. ज्या कामात मन आधीच रमलेले असते, तिथे मात्र गजर म्हणजे आपणच आपल्याला दिलेला व्यत्यय.

मुद्रितशोधक

वरच्या दोन्ही प्रतिसादांत वेळेचा विचार सविस्तर आला आहे, म्हणून मी फक्त त्या रात्री साडेअकराच्या ई-मेलबद्दल लिहितो. आपली खरी अडचण तिथे आहे असे माझे मत आहे. क्लायंट आपली बारा तासांची बैठक पाहू शकत नाही. त्याला दिसते ती आलेली फाइल आणि ती आल्याची वेळ.

स्वतःसाठीच्या टिपा क्लायंटच्या फाइलमध्ये लिहायच्याच नाहीत. वेगळी वही किंवा वेगळी फाइल ठेवा आणि तिथे परिच्छेदाचा क्रमांक टाकून मनात येईल ते लिहा. फाइल पाठवण्याआधी समासातल्या टिपा आणि बदलांच्या खुणा काढून तिची नवी प्रत करा, ती बंद करून पुन्हा उघडा, आणि शक्य असल्यास फोनवर उघडा. लहान पडद्यावर तेच पान अनोळखी दिसते आणि चुका डोळ्यांत भरतात. ई-मेल लिहिताना आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा आणि पत्ता सर्वांत शेवटी भरा. पत्ताच नसेल तर अर्धवट ई-मेल चुकूनही जाऊ शकत नाही. रात्री संपलेले काम मी रात्री पाठवत नाही. सकाळी एकदा चाळून मग पाठवतो. ती सकाळ मुदतीतच धरलेली असते.

आता उशिराविषयी. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते: काम किती वेळ घेईल याचा अंदाज बांधताना आपण ते कसे पार पडेल याचे चित्र रंगवतो, पण मागच्या वेळी तसल्याच कामाला किती वेळ लागला होता याकडे पाहत नाही. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारले. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. मला यातली खरी मौज पुढे वाटते. सगळेच बिनसले तर किती दिवस लागतील, असेही त्यांना विचारले होते आणि त्याचे उत्तर होते ४८.६. म्हणजे डोळ्यांपुढे आणलेल्या सर्वांत वाईट परिस्थितीपेक्षाही वास्तव आठवडाभर मागे होते.

म्हणून 'थोडा वेळ जास्त धरा' हा सल्ला अपुरा आहे, कारण ते 'थोडे' आपणच ठरवतो. मागच्या पाच कामांची नोंद काढा, ताशी किती शब्द झाले ते पाहा आणि त्यावरून तारीख द्या. अर्धी मुदत संपली, की काम अर्धे झाले आहे का हे तपासा. झाले नसेल तर त्याच दिवशी क्लायंटला कळवा, आणि कळवताना दिलगिरी एका वाक्यात आटोपून नवी तारीख व आतापर्यंत तयार झालेला भाग द्या. चार दिवस आधी कळलेला दोन दिवसांचा उशीर क्लायंटच्या दृष्टीने वेळापत्रकातला बदल असतो. आपल्या क्लायंटने तेच तर लिहिले आहे.

अल्पविराम

सर्वांचे मनापासून आभार. मुदतीच्या मध्यावर तपासणी करण्याची कल्पना मला सुचलीच नव्हती; मी शेवटच्या दिवसापर्यंत 'होईल' असेच धरून चालले होते. एक गोष्ट विचारायची राहिली. माझा एक क्लायंट ज्या देशात आहे तिथले घड्याळ माझ्यापेक्षा बरेच मागे आहे. त्यांचे निरोप माझ्याकडे रात्री येतात आणि मी अंथरुणातूनही उत्तरे देते, कारण उत्तर न देणे बेजबाबदारपणाचे दिसेल असे वाटते. शिवाय काम पोहोचल्यावर 'जरा एवढे दोन परिच्छेदही पाहाल का' असे निरोप सुरू होतात आणि त्यांना नाही म्हणणे जमत नाही.

कोरा कागद

रात्री अकराला उत्तर दिल्याने तत्परता दिसते असे आपल्याला वाटते, पण क्लायंट त्यातून एवढेच शिकतो की आपण रात्री अकराला उपलब्ध असतो. त्याचा यात काही दोष नाही. त्याच्याकडे तेव्हा दुपार आहे. त्याला एकदाच, नेहमीच्या सुरात लिहा: 'माझ्या कामाच्या वेळा अमुक ते अमुक आहेत, त्या आपल्या घड्याळाने अमुक होतात, आणि आपल्या निरोपाला पुढच्या सकाळी दहापर्यंत उत्तर मिळेल.' मग सकाळी दहाची वेळ कधीही चुकवू नका. रात्री मजकूर लिहून ठेवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर ई-मेल सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवता येते.

दोन परिच्छेदांचे म्हणाल, तर त्यावर उपाय काम सुरू होण्याआधीच करावा लागतो. कोटेशनमध्ये शब्दसंख्या, दुरुस्तीच्या किती फेऱ्या अंतर्भूत आहेत, त्यानंतरचा दर, आगाऊ रक्कम आणि बिल किती दिवसांत चुकते व्हावे, हे सारे लिहा. एक पान पुरते. मी दोन फेऱ्या लिहितो. असे लिहिलेले असले की 'नाही' म्हणण्याची वेळच येत नाही. 'जरूर पाहतो, हे दुसऱ्या फेरीनंतरचे असल्याने नेहमीच्या दराने बिलात धरतो' असे उत्तर जाते. निम्मे लोक त्यावर 'असू द्या' म्हणतात आणि निम्मे पैसे देतात. दोन्हींत आपले नुकसान नाही.

अल्पविराम

तीन दिवस नोंद ठेवली. दार सहा वेळा वाजले. ई-मेल मी एकतीस वेळा उघडले. त्याच क्लायंटची नवी पुस्तिका आली आहे आणि मागच्या पाच कामांचा हिशेब करून मी नेहमीपेक्षा चार दिवस पुढची तारीख सांगितली. त्यांनी काहीही घासाघीस न करता 'चालेल' असे कळवले, आणि खाली लिहिले, 'याही वेळी मूळ मजकुरात काही बिनडोक आढळल्यास अवश्य कळवावे.'